कोड बरोबर, रंग वेगळा

मडगार्डावरचा ओरखडा जवळ गेल्यावरच दिसायचा. रंग लावून आणल्यावर मात्र रस्त्याच्या पलीकडूनही ठिगळ दिसतं. जुनी पद्मिनी, ॲम्बॅसॅडर किंवा सुरुवातीची मारुती ८०० सांभाळणाऱ्यांची ही नेहमीची तक्रार. दोष पेंटरच्या हाताला दिला जातो. हात कच्चा असतोही कधी कधी. पण बहुतेक वेळा घोळ गनमध्ये रंग भरण्याआधीच झालेला असतो, आणि तो मालक-पेंटर दोघांनी मिळून केलेला असतो.

“कलर कोड दिला की तंतोतंत शेड मिळते.”

कोड सांगतो तो कंपनीनं ठरवलेला, कारखान्यातून निघतानाचा रंग. त्यानंतर गाडीनं खाल्लेलं तीस वर्षांचं ऊन त्याला माहीत नसतं. शिवाय एकाच कोडचा रंगही प्रत्येक घाण्यात थोडा वेगळा निघतो. म्हणून रंग बनवणाऱ्या कंपन्या मूळ शेडच्या जोडीला किंचित लालसर, किंचित काळपट अशा उपशेडही ठेवतात. दुकानदार अनेकदा पहिली दिसेल तीच घोटून देतो, आणि आपणही डबा उघडून न बघता घरी येतो.

त्यात जुन्या रंगांतली काही द्रव्यं आता वापरातून गेली आहेत. पूर्वीच्या पिवळ्या-केशरी रंगांत लेड क्रोमेट हे शिशाचं रंगद्रव्य सर्रास असायचं. ते उन्हानं फिकं होण्याऐवजी काळवंडतं. आजचा बिनशिशाचा पिवळा वेगळ्याच द्रव्यांतून तयार होतो. तेव्हा कोड हवाच, पण तो सुरुवातीपुरता.

“डिकीच्या आतला रंग खरा. सँपल तिथूनच घ्यावं.”

खरा आहे, पण बाहेर आता तो रंग उरलेला नाही. छप्पर आणि बॉनेट दिवसभर आभाळाकडे तोंड करून असतात, ते सर्वांत आधी विटतात. बॉनेटला खालून इंजिनाची धगही लागते. दरवाजे उभे, म्हणून कमी. रबरी बीडिंगच्या आत आणि नंबर प्लेटच्या मागे जवळजवळ नवा. एकाच गाडीवर अशा तीन-चार शेड सहज सापडतात. जिथे रंग लावायचा तोच पत्रा आणि त्याला लागून असलेला पत्रा, एवढंच सँपल धरावं. पांढऱ्यात तर कधी उलटाच प्रकार होतो: तेलाच्या जातीचा एनॅमल असेल तर उजेडात तो पांढरा राहतो आणि अंधारात पिवळसर पडतो.

“रंग विटला म्हणजे उडून गेला.”

सगळ्यात महाग पडणारा गैरसमज हा. उन्हातले अतिनील किरण रंगातल्या रेझिनला, म्हणजे रंगाचे कण धरून ठेवणाऱ्या पदार्थाला, वरून कुरतडत जातात. रेझिन गेलं की कण मोकळे होतात. जुन्या गाडीवरून बोट फिरवलं की जी भुकटी बोटाला लागते, ती हीच. असा खडबडीत पृष्ठभाग उजेड सगळीकडे विखुरतो, म्हणून निळा राखाडी दिसतो आणि लाल गुलाबी. पण ही मेलेली साय फार पातळ असते आणि तिच्याखाली बऱ्याचदा शाबूत रंग असतो.

म्हणून शेड मिळवायला जाण्याआधी पत्रा धुवा, मेण आणि डांबर काढा आणि तळहाताएवढ्या जागेवर रबिंग कंपाउंड हलक्या हातानं फिरवा. ती जागा आजूबाजूपेक्षा एकदम गडद होते. जुळवायचं ते या गडद रंगाशी. विटलेल्या सायीशी रंग जुळवला आणि सहा महिन्यांनी हौसेनं गाडी पॉलिश केली, की गाडी गडद होते आणि ठिगळ फिकं ते फिकंच राहतं. दुकानात शेड मोजायचं मशीन असलं तरी हा नियम बदलत नाही. भुकटीवर ठेवलं तर मशीन इमानानं भुकटीचाच रंग सांगतं.

घासताना फडक्याकडे लक्ष ठेवा. फडक्याला गाडीचा रंग लागला, तर रंग सिंगल स्टेज आहे, म्हणजे वर क्लिअर कोट, पारदर्शक थर, नाही. फडकं स्वच्छ राहिलं, तर वर क्लिअर आहे. तो पापुद्रे सुटून निघायला लागला असेल तर कितीही घासलं तरी उपयोग नाही, तो पत्रा नव्यानंच करावा लागतो. आणि घासण्यालाही मर्यादा आहे. कारखान्यातून आलेला रंग प्राइमर धरून साधारण १०० ते १५० मायक्रॉन असतो. माणसाचा केस ७० मायक्रॉनच्या आसपास. पत्र्याच्या कडा आणि घड्यांवर रंग आणखी पातळ असतो, तिथे मशीन टेकवलं की प्राइमर डोकावलाच. काही लाल मात्र खोलवर विटलेले असतात. ते पॉलिशनं परत येत नाहीत, त्यांना आहे त्या फिक्या रंगाशीच जुळवावं लागतं.

हे सगळं रंग खरोखर मूळचा असेल तर. “ओरिजिनल पेंट” म्हणून घेतलेल्या गाडीवर जाडी मोजायचं छोटं गेज लावून पाहा. आकडा ३०० मायक्रॉनच्या पुढे गेला, तर खाली दुसरा रंग किंवा लांबी असण्याची दाट शक्यता.

“पांढरा काय, कुणीही जुळवेल.”

पांढऱ्यात काळ्याचे, पिवळ्याचे, कधी लालचे चार थेंब असतात आणि फिक्या रंगातला फरक डोळा फार लवकर पकडतो. मेटॅलिकची अडचण निराळी. त्यात ॲल्युमिनियमचे चपटे कण असतात. ते कसे झोपतात यावर समोरून रंग उजळ दिसणार की काळपट, हे ठरतं. तिरकं पाहिलं की गोष्ट पुन्हा बदलते. गन लांब धरून सुका हात मारला तर उजळ, जवळून ओला मारला तर गडद. डबा तोच, दोन पेंटर, दोन शेड.

“गॅरेजमध्ये जुळला होता!”

ट्यूबलाइटखाली एकसारखे दिसणारे दोन रंग उन्हात वेगळे दिसू शकतात, कारण दोन्हींतली रंगद्रव्यं वेगळी असतात आणि प्रत्येक उजेडाला ती वेगळं उत्तर देतात. जुन्या रंगाशेजारी नवा रंग आला की हे हमखास घडतं. ओला रंग डब्यात बघून मान डोलावणंही तितकंच फसवं, कारण वाळल्यावर आणि वर क्लिअर बसल्यावर शेड हलते. पेंटरला पत्र्याच्या तुकड्यावर किंवा कार्डावर त्याच गननं, तितकेच हात मारून, क्लिअरसकट नमुना करायला सांगा. तो पूर्ण वाळू द्या. मग गाडी बाहेर काढून उन्हात आणि सावलीत, समोरून आणि तिरकं, नमुना पत्र्याला टेकवून बघा. पेंटर कुरकुर करेल, करू द्या.

“ओरखडा एवढा, तर रंगही एवढाच.”

डोळ्याला छोटा फरक दिसत नाही, कड दिसते. म्हणून मुरलेला पेंटर बेस कोट ओरखड्यापुरता न ठेवता पुढे पातळ करत शेजारच्या दरवाजापर्यंत विरवत नेतो आणि क्लिअर अख्ख्या पत्र्यावर मारतो. दरवाजावर सुट्टा रंग उडालेला पाहून मालकाला राग येतो. ठिगळ लपतं ते तिथेच. नवी चमक जास्त वाटली, तर पूर्ण वाळल्यावर २००० नंबरचा वॉटर पेपर फिरवून पॉलिशनं ती शेजारच्या पत्र्याइतकी उतरवता येते. आणि “उन्हात राहिला की आपोआप जुळेल” यावर भिस्त ठेवू नका. आजचे रेझिन वेगळे, त्यांची विटण्याची चालही वेगळी.

“जुना डुको काय, वर टू-के मारला की झालं.”

पेंटर ज्याला डुको म्हणतात तो नायट्रोसेल्युलोज लॅकर. ड्यू पाँट कंपनीचा हा रंग १९२३ मध्ये जनरल मोटर्सच्या ओकलंड गाडीवर आला आणि आठवडेच्या आठवडे चालणारं रंगकाम झपाट्यानं व्हायला लागलं. तो नुसता थिनर उडून वाळतो, म्हणून पुन्हा थिनर लागला की परत विरघळतो. झाकलेल्या जागी थिनरचा बोळा घासून पाहा. रंग सुटला, तर वर टू-के, म्हणजे हार्डनर मिसळून मारायचा रंग, जाड आणि ओला मारल्यावर खालचा थर फुगून सुरकुत्या येऊ शकतात. आधी सीलरचे पातळ, सुके हात हवेत.

टू-केच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. ते श्वासात जाऊन दमा जडू शकतो, आणि नाकाला बांधलेला रुमाल ते अडवत नाही. बाहेरून हवा पुरवणारा मास्क नसेल, तर हे काम घरच्या पार्किंगमध्ये करायचं नाही. जुना पिवळा-केशरी रंगही कोरडा घासू नये. पाणी मारूनच घासावा, कारण त्या धुळीत शिसं असू शकतं.