सावड आणि परीक्षा

सावड म्हणजे काय, हे हिमायतनगर तालुक्यातील शेतकऱ्यास समजावून सांगावे लागत नाही. आज एकाच्या शेतात सर्वांनी राबावयाचे, उद्या दुसऱ्याच्या. त्याचा लेखी करार नसतो. आपली पाळी आली म्हणजे शेजारी येईल, हा भरवसाच सावडीचे भांडवल होय. हा भरवसा पुष्कळदा जातीच्या कुंपणात अडकून राहिला, हेही खरे. म्हणूनच तो सर्वांपर्यंत पोहोचविण्याचे कार्य शाळेकडे येते.

तरुणांचा परस्परांवरील विश्वास उणावत आहे, अशी तक्रार वारंवार ऐकू येते. तिचे एक मूळ परीक्षेच्या खोलीत आहे. नक्कल करणाऱ्याकडे वडीलधाऱ्यांनीच डोळेझाक केली, म्हणजे ‘सारेच असे करतात’ हा धडा मूल शिकते. शेजारच्या बाकावरील अभ्यासू मूल त्याहून कटू धडा शिकते : श्रमास मोल नाही. अशा मुलास पुढे कोणाचे प्रमाणपत्र खरे वाटावे?

परीक्षेतील गैरप्रकारांविरुद्ध महाराष्ट्रात १९८२ चा कायदा आहे. तथापि, २०१० च्या सुमारास नांदेड जिल्ह्यात तत्कालीन जिल्हाधिकारी डॉ. श्रीकर परदेशी यांच्या पुढाकाराने नक्कलमुक्तीची मोहीम झाली, तेव्हा कोठे हा प्रश्न घरोघरी पोहोचला. ‘नांदेड पॅटर्न’ हे नाव राज्यभर झाले. परंतु बंदोबस्ताने नक्कल थांबते, सचोटी उपजत नाही. २०१९-२० च्या शिक्षक पात्रता परीक्षेत गैरप्रकार करणाऱ्या सात हजार आठशेंहून अधिक उमेदवारांवर २०२२ मध्ये कारवाई झाली. ते उमेदवार शिक्षकपदाचेच इच्छुक होते, हे विसरता येत नाही.

यास्तव खरा प्रारंभ प्राथमिक वर्गातच व्हावयास हवा. चाचणीत मुलास जेवढे येते तेवढेच गुण द्यावेत. निकाल चांगला दिसावा म्हणून फळ्यावर उत्तरे लिहून देऊ नयेत. गुण मोजण्यात शिक्षकाची चूक झाल्यास ती वर्गासमक्ष मान्य करावी. सापडलेली पेन्सिल परत करणाऱ्या मुलाची नोंद घ्यावी. कमी गुण मिळालेल्यास न हिणवता पुन्हा शिकवावे, म्हणजे नक्कल करण्याची त्यास गरजच भासणार नाही.

मूल सत्यावरील पाठ विसरेल. परंतु गुरुजींनी खरे गुण दिले होते, हे ते विसरत नाही. सावडीचा पहिला दिवस कोणी तरी आधी राबून फेडावा लागतो. शाळेत तो शिक्षकाने फेडावयाचा असतो.