आजीच्या खोलीत मराठी वाहिनी

तंजावरच्या मराठी घरांत टीव्ही तमिळ बोलतो. दिवाणखान्यातला संच न हलवता, महिन्याचे भाडे न भरता, कोपऱ्यातल्या जुन्या संगणकावर मराठी कार्यक्रम आणता येतात. त्यासाठी काय लागते, आणि एवढा खटाटोप करावा तरी का?

घरात टीव्ही एक आणि रिमोटवर हक्क सांगणारे हात पाच, ही तक्रार घरोघरची आहे. आजोबांना बातम्या हव्या असतात, मुलांना क्रिकेट आणि सुनेला मालिका. आजीचा क्रमांक बहुधा शेवटी लागतो. तंजावरच्या मराठी घरांत मात्र या भांडणाला आणखी एक पदर आहे, तो म्हणजे भाषेचा. आजीला जी वाहिनी पाहावीशी वाटते, ती घरातल्या बाकीच्यांना फारशी कळत नाही, म्हणून नकोशी वाटते. आणि बाकीच्यांना ती कळत नाही, कारण मराठी त्यांच्या कानांवर पुरेशी पडलेलीच नसते!

शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी १६७५-७६ च्या सुमारास तंजावरला भोसल्यांची गादी स्थापन केली. १८५५ साली शेवटचे राजे वारले आणि ब्रिटिशांनी संस्थान खालसा केले. राज्य गेले, पण मराठी बोलणारी घरे राहिली. बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर १८०३ साली कोरलेला भोसले घराण्याचा मराठी इतिहास आजही वाचता येतो. सरस्वती महाल ग्रंथालयात मराठी आणि मोडी हस्तलिखिते जपून ठेवलेली आहेत. पण शिलालेख आणि हस्तलिखिते बोलत नाहीत. शाळा तमिळ किंवा इंग्रजी, बाजार तमिळ, शेजार तमिळ. मग मराठी उरते ती स्वयंपाकघरात आणि आजीच्या खोलीत.

टीव्ही आला तो तमिळ बोलत

दूरदर्शनचे मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, तर मद्रास केंद्र १९७५ साली. तंजावरकरांच्या वाट्याला साहजिकच मद्रासचे कार्यक्रम आले. पुढे तमिळनाडूत टीव्ही जितका घरोघरी पोहोचला, तितका क्वचितच दुसरीकडे पोहोचला असेल. २००६ पासून राज्य सरकारने रंगीत संच फुकट वाटले. सप्टेंबर २०११ मध्ये सरकारच्याच ‘अरसू केबल’ने महिना ७० रुपयांत केबल द्यायला सुरुवात केली. या सरकारी केबलच्या पहिल्या चार नियंत्रण केंद्रांपैकी एक तंजावरलाच होते.

तमिळ मालिकांनी घरे भरून गेली, यात गैर काहीच नाही. तमिळ ही तिथल्या मराठी माणसाचीही भाषा आहे. प्रश्न एवढाच, की दुसऱ्या भाषेसाठी घरात एखादा कोपरा उरतो का?

एक छत्री, अनेक पडदे

असा कोपरा तयार करणाऱ्या यंत्राला ‘नेटवर्क ट्यूनर’ म्हणतात. नाव अवघड असले तरी कल्पना सोपी आहे. नेहमीचा सेट-टॉप बॉक्स छत्रीकडून आलेला संदेश घेतो आणि वायरने एकाच टीव्हीला देतो. नेटवर्क ट्यूनर तोच संदेश घेऊन घरातल्या इंटरनेटच्या राउटरला देतो. राउटरशी जोडलेला कोणताही संगणक, लॅपटॉप किंवा मोबाइल मग टीव्ही होतो. दिवाणखान्यात तमिळ मालिका चालू असताना आजी आपल्या खोलीत मराठी बातम्या ऐकू शकते. रिमोटवरून वादच नको!

या कल्पनेचे मूळ एका वसतिगृहात सापडते. १९९६ साली पॅरिसजवळच्या ‘एकोल सेंत्राल’ या अभियांत्रिकी संस्थेतल्या विद्यार्थ्यांनी उपग्रहावरचे कार्यक्रम संस्थेच्या संगणकांच्या जाळ्यातून खोल्याखोल्यांत पोहोचवण्याचा प्रकल्प हाती घेतला. प्रत्येक खोलीला वेगळी छत्री कशाला, हा साधा विचार त्यामागे होता. त्या प्रकल्पातूनच ‘व्हीएलसी’ हे सॉफ्टवेअर जन्माला आले. नारिंगी शंकूचे चिन्ह असलेले हे सॉफ्टवेअर आज असंख्य संगणकांवर असते. ते फुकट मिळते आणि आजीच्या संगणकावर लागते तेही हेच.

कोणता ट्यूनर चालेल?

इथे पुष्कळांची फसगत होते. परदेशात राहणारा मुलगा हौसेने तिकडचा ट्यूनर घेऊन येतो. अमेरिकेत २००७ पासून मिळणारा ‘एचडी होमरन’ हा त्यातला प्रसिद्ध. पण अमेरिकेची प्रसारण पद्धत वेगळी आहे, त्यामुळे तिकडच्या अँटेनासाठी केलेले यंत्र इथे निरुपयोगी ठरते. युरोपातले अँटेनाचे ट्यूनरही तंजावरात कामाचे नाहीत. दूरदर्शनने २०१६ साली जमिनीवरच्या मनोऱ्यांवरून डिजिटल प्रसारण सुरू केले, ते देशातल्या १६ शहरांत. त्यात चेन्नई होते, तंजावर नव्हते.

तंजावरात उपयोग आहे तो उपग्रहाच्या ट्यूनरचा. खोक्यावर ‘डीव्हीबी-एस२’ ही अक्षरे आहेत का, ते पाहून घ्या. ‘सॅट-आयपी’ असेही लिहिलेले असेल तर उत्तम. उपग्रहाचे चित्र घरातल्या जाळ्यावर पाठवण्याची ही पद्धत लक्झेंबर्गच्या ‘एसईएस’ या उपग्रह कंपनीने २०१२ साली पुढे आणली. तयार यंत्र मिळाले नाही, तर जुन्या संगणकात उपग्रहाचे ट्यूनर कार्ड बसवून त्यावर ‘टीव्हीहेडएंड’ हे फुकट मिळणारे सॉफ्टवेअर चालवता येते. मग तो संगणकच घराचे छोटे प्रसारण केंद्र होतो.

कार्यक्रम येतात दूरदर्शनच्या ‘डीडी फ्री डिश’ या सेवेवरून. डिसेंबर २००४ मध्ये ‘डीडी डायरेक्ट प्लस’ या नावाने ती सुरू झाली. तिला मासिक वर्गणी नाही आणि तिच्यावर ‘डीडी सह्याद्री’ ही मराठी वाहिनी आहे. मात्र फ्री डिशवरच्या काही वाहिन्या कुलूपबंद असतात व त्या अधिकृत बॉक्सवरच उघडतात. म्हणून आपल्याला हवी ती वाहिनी खुली आहे ना, हे खरेदीआधी माहीतगाराकडून तपासून घ्यावे.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. उपग्रहावरून वाहिन्या सुट्या येत नाहीत. आगगाडीला डबे जोडावेत तशा पुष्कळ वाहिन्या एकाच लहरीवरून येतात. एक ट्यूनर एका वेळी एकच गाडी पकडतो. एकाच गाडीतले दोन डबे दोन संगणकांवर पाहता येतात, पण दुसऱ्या गाडीतली वाहिनी हवी असेल तर दुसरा ट्यूनर लागतो. म्हणून घरात पाहणारे जास्त असतील तर दोन किंवा चार ट्यूनर असलेले यंत्र घ्यावे. छत्रीच्या तोंडाशी असलेल्या ‘एलएनबी’ला तितकीच टोके हवीत.

छत्री, पाऊस आणि भिंती

फ्री डिशचा उपग्रह विषुववृत्तावर ९३.५ अंश पूर्व रेखांशाला, सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवर आहे. तंजावरातून तो आग्नेयेला, क्षितिजापासून जवळजवळ ६९ अंश वर येतो. मुंबईत तो ५७-५८ अंशांवर असतो. म्हणजे तंजावरात तो बराच डोक्यावर असल्याने लांबच्या नारळाच्या झावळ्या आड येत नाहीत, गच्चीला लागून असलेले झाड तेवढे पाहावे. छत्रीची ठेवण तिरपी असल्यामुळे ती दिसताना इतकी वर वळलेली दिसत नाही, म्हणून नुसत्या अंदाजाने फिरवत बसू नये. बसवणाऱ्याकडून मीटर लावून घ्यावे.

कावेरीच्या खोऱ्यात ऑक्टोबर ते डिसेंबर हा मोठ्या पावसाचा काळ. मुसळधार सरीत चित्र तुटते, सर ओसरली की परत येते. त्यासाठी मेकॅनिकला बोलावण्याची गरज नाही. छत्रीचे बोल्ट मात्र दरवर्षी पावसाआधी आवळून घ्यावेत. १६ नोव्हेंबर २०१८ च्या ‘गजा’ वादळाने तंजावर जिल्ह्यातल्या नारळाच्या बागा आडव्या केल्या, तिथे सैल छत्रीची काय कथा?

घर जुने, जाड भिंतींचे असेल तर वाय-फायवर विसंबू नये. राउटरपासून आजीच्या खोलीपर्यंत एक साधी नेटवर्क केबल ओढून घ्यावी. साध्या वाहिनीला सेकंदाला दोन ते चार मेगाबिट एवढाच वेग लागतो, त्यामुळे दहा-बारा वर्षांचा जुना संगणकही हे काम करतो. कार्यक्रम साठवूनही ठेवता येतो. तासाभराच्या कार्यक्रमाला एक ते दोन गीगाबाइट जागा लागते.

इंटरनेट असताना हे कशाला?

शंका रास्त आहे. प्रसार भारतीने नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘वेव्ज’ हे अॅप सुरू केले आणि मोबाइलवर मराठीला तोटा नाही. ज्यांना अॅप हाताळता येते आणि ज्यांचे इंटरनेट चांगले आहे, त्यांनी खुशाल तेच वापरावे. ट्यूनरचा फायदा वेगळा आहे. तो डेटा खात नाही आणि बाहेरचे इंटरनेट बंद पडले तरी घरातल्या घरात चालतो. शिवाय पासवर्ड किंवा शोधाशोध नको. पडद्यावरच्या एका चित्रावर टिचकी मारली की वाहिनी सुरू, असे घरातल्या मुलाने एकदा लावून दिले की झाले. सत्तरीच्या आजीला हीच सोय सर्वांत मोठी वाटते.

कायद्याची बाजूही पाहून ठेवू. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे ३९ वे कलम स्वतःच्या खासगी उपयोगासाठी प्रसारणाचे ध्वनिमुद्रण-चित्रमुद्रण करू देते. पण ते विकणे, इंटरनेटवर टाकणे किंवा शेजारीपाजारी वायर ओढून देणे यांना मुभा नाही. पैसे भरून पाहायच्या वाहिन्यांचे कुलूप फोडण्याच्या भानगडीत तर पडूच नये.

कोणती मराठी खरी?

शेवटी मुद्दा येतो तो भाषेचा. मुंबईची मराठी घरात आली की नातवंडे आजीला म्हणू लागतात, “तू चुकीचे बोलतेस, टीव्हीवर असे म्हणत नाहीत.” हा धोका खरा आहे. तंजावरची मराठी साडेतीनशे वर्षे तमिळच्या शेजारात वाढली. तिने शेजारणीकडून शब्द घेतले, वळणे घेतली आणि काही जुनी रूपे सांभाळली. ती चुकीची नाही, वेगळी आहे. मुंबईच्या वाहिनीवर ती ऐकू येत नाही एवढ्याने ती कमी ठरत नाही.

म्हणून मुलांना संगणकापुढे एकटे बसवून काम भागणार नाही. आजीने आणि नातवंडांनी मिळून पाहावे. पडद्यावर एखादा शब्द आला की आजीने सांगावे, “आपल्याकडे याला असे म्हणतात.” मुलाच्या पदरात मग एकाच्या जागी दोन शब्द पडतात. त्याच संगणकाला स्वस्तातला माइक जोडून आजीच्या गोष्टी, ओव्या आणि पाककृती तिच्याच आवाजात साठवता येतील. वाहिनी उद्याही लागेल. आजीचा आवाज मात्र आताच साठवून ठेवायला हवा.

नव्या यंत्राला भाषेच्या कामाला जुंपणे तंजावरला नवे नाही. दुसऱ्या सरफोजीराजांनी इथे देवनागरी टाइपांचा छापखाना घातला आणि १८०६ साली त्यावर इसापच्या गोष्टींची मराठी ‘बालबोध मुक्तावली’ छापली. गोष्टी परक्या होत्या आणि यंत्रही परके होते, पण मुलांच्या हाती पडली ती मराठी. आजच्या घरात तेच काम एक छत्री, एक ट्यूनर आणि एक जुना संगणक करू शकतो. अट एकच, की त्यांच्याशेजारी मराठी बोलणारे माणूसही बसलेले हवे.