पाच आधार की एक? कंट्रोल पॅनेलमधल्या बॅकअपचा विचार

आमची हयात तत्त्वज्ञान शिकवण्यात गेली. तेव्हा आज बॅटरी आणि एसएमपीएसवर आम्ही काय बोलणार, असं काहींच्या मनात आलं असेल. त्याचं कारण असं. आमचा एक जुना विद्यार्थी हिंजवडीजवळ, माणच्या बाजूला, मशिनसाठी कंट्रोल पॅनेल बांधतो. वळवाच्या एका संध्याकाळी त्याच्याकडे चहाला गेलो असताना एका गिऱ्हाइकाचा फोन आला. वीज गेली, दहा-बारा सेकंदांत जनरेटर सुरू झाला, पण तेवढ्यात मशिन बंद पडलं आणि आतला सगळा माल वाया गेला. पॅनेलमध्ये बॅकअप एक नव्हे, पाच होते! पाच असूनही कसं झालं, हा प्रश्न आम्हाला आमच्याच विषयातला वाटला.

आधी रचना समजून घेऊ. मोटार मोठ्या दाबावर चालते, पण मशिनची ‘बुद्धी’ चालते २४ व्होल्ट डीसीवर. पीएलसी, ऑपरेटरचा पडदा, सेन्सर, नेटवर्क स्विच, सोलेनॉइड व्हॉल्व्ह, सगळे यावरच. एसीचं २४ व्होल्ट डीसी करून देतो तो एसएमपीएस. वीज गेली की बॅटरीवरून पुरवठा चालू ठेवतो तो डीसी यूपीएस. या पॅनेलमध्ये मशिन वाढत गेलं तसा प्रत्येक नव्या भागासोबत एक ५ अँपिअरचा एसएमपीएस आणि एक छोटी बॅटरी जोडी येत गेली. आपल्या घरात पाहुणे वाढले की एकेक सतरंजी वाढते ना, तसंच.

आता बघा. पीएलसीला सेन्सर लागतात, सेन्सरची माहिती स्विचमधून जाते. म्हणजे पाचांपैकी कोणताही एक गेला तरी मशिन थांबणारच. पाच आधार एकमेकांना पर्याय नव्हते. ते साखळीच्या पाच कड्या होत्या. त्या दिवशी नेटवर्क स्विचची बॅटरी मेलेली निघाली. बाकी चार ठणठणीत होत्या, उपयोग शून्य. पहिला धडा हा: संख्या मोजून भरवसा येत नाही. एक गेला तर त्याचं काम दुसरा करतो का, एवढंच विचारायचं.

म्हणून विद्यार्थ्याने एकत्रीकरण करायचं ठरवलं. आधी क्लॅम्प मीटर लावून खरा लोड मोजला. पाटीवर ५ गुणिले ५ म्हणजे २५ अँपिअर, प्रत्यक्षात नेहमीचा ९ आणि सगळे व्हॉल्व्ह एकदम ओढले तर १३. मग २० अँपिअरचे दोन एसएमपीएस घेतले. दोन्ही वेगवेगळ्या फेजवर, प्रत्येकाला स्वतःचा डीसी यूपीएस आणि बॅटरी. दोघांचे आउटपुट रिडंडन्सी मॉड्यूलमधून एका सामाईक बसवर. हे मॉड्यूल म्हणजे एकदिशा दरवाजा: एका एसएमपीएसच्या आत शॉर्ट झाला तरी तो बसला खाली ओढू शकत नाही.

एक सापळा आहे. उद्या मशिन वाढून लोड २४ अँपिअर झाला, तर दोघे मिळून तो आनंदाने वाहतील. सगळं सुरळीत दिसेल, पण आता एकटा कोणीच पुरा पडणार नाही. आधार कधी संपला हे कळणारही नाही. म्हणून नवा भाग जोडताना लोड पुन्हा मोजायचा.

बॅटरीचा हिशेब असा. १३ अँपिअर पाव तास द्यायचे तर ३.२५ अँपिअर-तास. पण बॅटरीवर लिहिलेली क्षमता बहुधा वीस तासांच्या संथ डिस्चार्जची असते. पाव तासात ओढलं तर जेमतेम निम्मी मिळते. म्हणजे साडेसहा. शिवाय म्हातारपणाची घट धरली की आठ. म्हणून १२ अँपिअर-तासाच्या घेतल्या. आणि उष्णता! २५ अंशांच्या वर दर १० अंशांना लेड अ‍ॅसिड बॅटरीचं आयुष्य साधारण निम्मं होतं. पॅनेलच्या आत ४५ अंश असतील तर पाच वर्षांची बॅटरी सव्वा वर्षात जाते. म्हणून बॅटरी तळाशी ठेवायची, कारण गरम हवा वर जाते.

आता एकत्रीकरणाची दुसरी बाजू. पूर्वी एका सेन्सरची वायर घासून शॉर्ट झाली तर एकच भाग पडे. आता बस सामाईक. दाब कोसळला तर पीएलसीसकट सगळे पडतील. साधा एमसीबी इथे पुरत नाही, कारण तो झटकन पडायला रेटिंगच्या कितीतरी पट करंट लागतो आणि एसएमपीएस तर स्वतःचा करंट मर्यादेत ठेवतो. म्हणून प्रत्येक शाखेला इलेक्ट्रॉनिक ब्रेकर. तो काही मिलिसेकंदांत तेवढीच शाखा तोडतो. थोडक्यात, पुरवठा एकत्र, वाटप वेगळं.

शेवटचा मुद्दा आमच्या आवडीचा. ती बॅटरी मेल्याचं कोणालाच का कळलं नाही? तिथे अलार्म वाजला नव्हता. अलार्म नाही म्हणजे दोष नाही, असं सगळ्यांनी धरलं. आपल्याकडे भाट्ट मीमांसकांनी अनुपलब्धी हे अभाव जाणण्याचं प्रमाण मानलं, पण एक अट घातली: वस्तू असती तर ती दिसलीच असती, अशी स्थिती हवी. उजेडात घडा दिसला नाही तर घडा नाही. अंधारात दिसला नाही, तर काहीच सिद्ध होत नाही. त्या बॅटरीच्या अलार्मची वायर जोडलेलीच नव्हती. ती शांतता अंधारातली होती.

उपाय सोपा आहे. प्रत्येक एसएमपीएस आणि यूपीएसचा ‘ठीक’ रिले पीएलसीला जोडायचा, तोही असा की सगळं ठीक असताना संपर्क बंद राहील. म्हणजे वायर तुटली तरी दोषच दिसेल. आणि दर सहा महिन्यांनी मशिन रिकामं असताना आधी एक एसएमपीएस, मग दुसरा, मग दोन्हींची वीज मुद्दाम बंद करून बघायची. ज्या आधाराची परीक्षा आपण कधी घेतली नाही, तो आहे असं म्हणायला आपल्याजवळ पुरावा नसतो.

आज इथेच थांबू.