शेततळ्याचा कागद : मोजमाप आणि खरेदी

बँकेत कर्जप्रकरणांच्या फायली हाताळताना शेततळ्याच्या अस्तराची कोटेशने माझ्या टेबलावरून जातात. मी शेतकीचा पदवीधर नाही, कला शाखेचा आहे. परंतु आकडे ताडून पाहणे हे माझे रोजचे काम आहे, आणि हे माप मला घरच्याच एका चुकीने शिकविले.

माझ्या थोरल्या चुलतभावाने बालाघाटाच्या माळावर ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद व ३ मीटर खोल असे तळे खोदले. दुकानदाराने विचारले, "तळं केवढं?" दादा म्हणाला, "तीस बाय तीस." तीस गुणिले तीस म्हणजे ९०० चौरस मीटर, खोलीसाठी शंभर जास्तीचे धरू, असा १००० चौरस मीटरचा हिशेब ठरला. कागद अंथरला तेव्हा तो काठापर्यंत पोहोचलाच नाही. मग वरून पट्टी जोडली. पुढच्या पावसात काठावरचे पाणी कागदामागे शिरले, माती घसरली, जोड उसवला आणि कागद खाली ओढला गेला. तळे रिकामे झाले, कर्जाचे हप्ते मात्र चालू राहिले. त्या वर्षी दादा-वहिनींना पुन्हा कोयता घेऊन उसाच्या फडावर जावे लागले. ही पाळी दुसऱ्या कोणावर येऊ नये, एवढ्याचसाठी हा लेखनप्रपंच.

अस्तर का लागते?

आपला जिल्हा अवर्षणप्रवण. १९७२ चा दुष्काळ वडीलधाऱ्यांनी भोगला, २०१२-१३ आणि २०१५-१६ चे दुष्काळ आपण सर्वांनी पाहिले. आष्टी, पाटोदा, शिरूर कासारच्या मुरमाड रानात पाणी झिरपून जाते. गेवराई-माजलगावकडची काळी माती ओली असता पाणी धरते, पण वाळली की तिला भेगा पडतात. म्हणून साठविलेले पाणी उन्हाळ्यापर्यंत टिकवायचे तर तळ्यात प्लास्टिकचे अस्तर, म्हणजे आपण ज्याला 'कागद' म्हणतो ते, घालावे लागते.

माप कसे घ्यावे?

तळ्याचा वरचा आकार हे कागदाचे माप नव्हे. कागद काठावरून उतारावर, उतारावरून तळाशी आणि समोरच्या उतारावरून पुन्हा वर येतो. शिवाय त्याची कड काठाबाहेरच्या चरात पुरावी लागते. दादाच्या तळ्याचा उतार एकास एक होता, म्हणजे ३ मीटर खोलीला भिंत ३ मीटर आत येते. त्याचा हिशेब असा :

तळाची लांबी : ३० मधून ६ वजा = २४ मीटर
दोन्ही उतार : ४.२४ अधिक ४.२४ = ८.४८ मीटर
काठ व चर, दोन्हीकडे १-१ मीटर = २ मीटर
एकूण : ३४.४८, म्हणजे ३४.५ मीटर

रुंदीही तेवढीच. ३४.५ गुणिले ३४.५ म्हणजे सुमारे ११९० चौरस मीटर. दादाने घेतला १०००. फरक १९० चौरस मीटरचा, आणि त्यातच तळे गेले.

परंतु हा हिशेबही अंदाजापुरताच समजावा. जेसीबीने खोदलेले तळे नकाशाबरहुकूम कधीच होत नाही. म्हणून खोदाई पूर्ण होऊन उतार नीट झाल्यावरच अखेरचे माप घ्यावे. दोघांनी टेप धरावा. तो हवेत ताणू नये, जमिनीला टेकवत एका काठावरून खाली, तळावरून आणि समोरच्या काठावर न्यावा. लांबीकडून तीन ठिकाणी व रुंदीकडून तीन ठिकाणी असे मोजून दोन्हींकडचे सर्वांत मोठे माप धरावे आणि त्यात चराचे माप मिळवावे. दोर वापरू नये, तो ताणला जातो.

हाच नियम लहान कामालाही लागू आहे. बचत गटाच्या भगिनींना अझोलाचा वाफा करायचा असेल आणि तो अडीच मीटर लांब, दीड मीटर रुंद व २० सेंटीमीटर खोल असेल, तर चारही बाजूंना खोलीचे २० व दुमडीचे २० सेंटीमीटर धरावेत. कागद ३.३ बाय २.३ मीटर लागेल. रोपवाटिकेतील रोपांच्या मांडणीवर ओल धरण्यासाठी कागद घालतानाही असेच मोजावे.

खरेदी करताना

शेततळ्यासाठी साधारणतः ५०० मायक्रॉन, म्हणजे अर्धा मिलिमीटर जाडीचा कागद वापरतात. विणलेल्या, लेप दिलेल्या एचडीपीई कागदासाठी आयएस १५३५१ हे भारतीय मानक आहे. तो क्रमांक कोटेशनवर व मालावर दोन्हीकडे पाहावा.

जाडी डोळ्यांना कळत नाही, वजनाला कळते. अर्धा मिलिमीटर जाडीच्या सलग एचडीपीई कागदाचा एक चौरस मीटर सुमारे पावणेपाचशे ग्रॅम भरतो. म्हणजे ११९० चौरस मीटरचे वजन साडेपाच क्विंटलच्या वर जायला हवे. विणलेल्या कागदाचे वजन थोडे वेगळे असते, म्हणून 'दर चौरस मीटरला इतके ग्रॅम' असे कोटेशनवर लिहून घ्यावे व माल काट्यावर घालावा.

दर चौरस फुटाचा की चौरस मीटरचा, हेही विचारावे. एक चौरस मीटर म्हणजे १०.७६ चौरस फूट. फुटाचा दर ऐकायला स्वस्त वाटतो. जोडकाम, वाहतूक व कर दरात धरले आहेत की नाहीत, हे लेखी घ्यावे. जोड यंत्राने उष्णता देऊन केलेलेच असावेत. चिकटपट्टीवर भागवू नये.

अनुसूचित जाती व नवबौद्ध शेतकऱ्यांसाठी २०१७ पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकर कृषी स्वावलंबन योजना आहे. तीत शेततळ्याच्या प्लास्टिक अस्तरीकरणाला अनुदान मिळते. चालू नियम पंचायत समितीच्या कृषी विभागात विचारावेत. सातबारा, आठ-अ व जातीचा दाखला तयार ठेवावा, आणि पूर्वसंमतीआधी खरेदी करू नये.

अंथरण्यापूर्वी आणि नंतर

तळ्यातले दगड-गोटे वेचावेत. हरळी व लव्हाळ्याची मुळे काढावीत, नाहीतर ती कागद भेदतात. कड चरात घालून माती घट्ट दाबावी.

आणि कुंपण! ओल्या कागदावर पाय ठरत नाही. पट्टीचा पोहणाराही घसरतो, मग लेकरांचे काय? शेततळ्यात मुले बुडाल्याच्या बातम्या आपण अनेकदा वाचतो. म्हणून कागदाच्या खर्चातच कुंपणाचा खर्च धरावा आणि चारही काठांवरून गाठी मारलेले जाड दोर पाण्यात सोडून ठेवावेत.

दादाने गेल्या वर्षी तळे पुन्हा नीट करून घेतले. या वेळी टेपचे एक टोक त्याच्या हातात होते, दुसरे माझ्या. ज्या कोणाला कोटेशन घेण्यापूर्वी हिशेब ताडून पाहायचा असेल, त्याने रविवारी घरी जरूर यावे. टेप घेऊन मी रानात येईन.