पिवळ्यांचा तरोटा, पांढऱ्यांची वाघाटी

पहिला पाऊस झाला की झरी जामणी तालुक्यात, मुकुटबनच्या आसपास, धुऱ्याधुऱ्यावर तरोटा उगवतो. कोवळा असेपर्यंत त्याची भाजी होते, मग तो तण ठरतो. काटेरी वाघाटीची फळं आषाढीच्या बारशीला उपास सोडताना शिजतात. आपली काही पिवळी-पांढरी फुलपाखरं याच दोन भाज्यांवर वाढतात, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असतं.

या फुलपाखरांचं कुळ पिअरिडी. जगात त्याच्या हजाराहून अधिक जाती आहेत. त्यातली पिवळ्यांची शाखा मुख्यतः शेंगा धरणाऱ्या झाडांवर जगते. कॉमन ग्रास यलो आणि मॉटल्ड एमिग्रंट तरोट्यावर अंडी घालतात, कॉमन एमिग्रंट बहाव्यावर नि पळसावर. तरोट्याचं पान जवळून पाहा. तांदळाच्या कणीहून बारीक, दोन्ही टोकांना निमुळतं अंडं एकेकटं उभं चिकटवलेलं दिसेल. अळी पानाइतकीच हिरवी असते आणि शिरेला समांतर पडून राहते. हलली नाही तर सापडत नाही.

पांढऱ्यांच्या शाखेची गोष्ट मला अधिक विलक्षण वाटते. वाघाटी आणि मोहरी या नात्यातल्या वनस्पती. त्यांचं पान चावलं की मोहरीचा झणका देणारी द्रव्यं सुटतात आणि बहुतेक किडी तिथेच हरतात. पण या शाखेतल्या अळ्यांच्या आतड्यात एक खास प्रथिन असतं. ते ही प्रक्रिया मधेच वळवतं, तिखट विषाऐवजी सौम्य पदार्थ तयार होतो. म्हणून पायोनियर या फुलपाखराची मादी वाघाटीवर अंड्यांचा पुंजकाच घालते आणि अळ्या कळपाने पानं फस्त करतात. याच शाखेतलं हळदीकुंकू नावाचं फुलपाखरू मात्र बांडगुळाकडे वळलं.

या कुळातल्या फुलपाखरांच्या पंखांचा रंग टेरिन नावाच्या द्रव्यांचा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये फ्रेडरिक हॉपकिन्स यांनी या रंगांचं रसायन तपासायला घेतलं. पुढे 1929 साली त्यांना जीवनसत्त्वांवरच्या कामासाठी नोबेल मिळालं. गरोदर बायांना दवाखान्यात फॉलिक ॲसिडची गोळी देतात ना, तिच्या रेणूतही हाच टेरिनचा सांगाडा असतो.

दिवाळीच्या सुमारास तरोट्याच्या शेंगा वाळू लागतात. ग्रास यलोचं रूपही तेव्हा पालटतं: पंखांची काळी किनार आक्रसते, खालच्या बाजूला तपकिरी ठिपके उमटतात. वाळल्या गवतात बसलं की ते दिसेनासं होतं.

अलीकडे धुऱ्यावरही सरसकट तणनाशक मारलं जातं. पिकातला तरोटा काढावा, त्याला इलाज नाही. पण धुऱ्यावरचा तरोटा आणि कुंपणावरची वाघाटी पिकाच्या वाटेत येत नाहीत. शेतकरी भावांनो, निदान एका धुऱ्यावर फवारा मारू नका, शेंगा वाळेपर्यंत तरी.