मीठ, साखर आणि कुणाचेही हात

कॉलऱ्याच्या रोग्याच्या अंगातून तासाला लिटरभर पाणी निघून जाऊ शकतं. सकाळी चालताबोलता असलेला धडधाकट माणूस रात्रीपर्यंत दगावतो. चक्रावून टाकणारी गोष्ट म्हणजे समोर पाणी असतं, तो ते पीतही असतो, पण ते अंगी लागत नाही.

१९७१ साली पूर्व पाकिस्तानातल्या लष्करी अत्याचारांपासून जीव वाचवत सुमारे एक कोटी माणसं भारतात आली. छावण्या खच्चून भरल्या आणि ऐन पावसाळ्यात कॉलरा पसरला. सीमेलगतच्या बनगावच्या रुग्णालयात कॉलऱ्यासाठी दोन खोल्या होत्या आणि सोळा खाटा. जूनअखेरीस डॉ. दिलीप महालनबीस तिथे पोचले, तेव्हा रोगी जमिनीवर दाटीवाटीने पडले होते. जुलाब-उलट्यांच्या चिखलात गुडघे टेकल्याशिवाय सलाईन लावता येत नव्हतं. सलाईनचा साठा संपत चालला होता आणि शीर शोधून सुई लावू शकणारी माणसं तर बोटांवर मोजण्याइतकीच होती.

महालनबीसांनी ठरवलं, आता तोंडावाटेच पाणी द्यायचं. त्यामागचं विज्ञान थक्क करणारं आहे. कॉलऱ्याचं विष आतड्यातल्या पेशींना क्षार आणि पाणी बाहेर फेकायला लावतं. नुसतं पाणी प्या किंवा मीठपाणी प्या, फारसा उपयोग होत नाही. पण त्याच पेशींवर एक वेगळं दार असतं. मिठातलं सोडियम आणि ग्लुकोज जोडीने आले तरच ते उघडतं, आणि दोघं आत गेले की पाणी त्यांच्यामागोमाग जातं. गंमत अशी, की कॉलऱ्याचं विष या दाराला हातच लावत नाही! रॉबर्ट क्रेन यांनी ही जोडी १९६० मध्ये मांडली होती. पुढे ढाका आणि कोलकात्यात रोग्यांवर प्रयोगही झाले, पण ते रुग्णालयात, तज्ज्ञांच्या देखरेखीखाली. हे काम अडाणी हातांवर सोपवायला बहुतेक डॉक्टर तयार नव्हते. बनगावात मात्र दुसरा इलाजच उरला नव्हता.

कृती साधी होती : लिटरभर पाण्याला २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम खायचा सोडा. महालनबीस जिथे काम करत, त्या कोलकात्यातल्या संशोधन केंद्राच्या ग्रंथालयात पुड्या बांधण्याचं काम सुरू झालं. एकाने ग्लुकोज तोलायचं, दुसऱ्याने मीठ घालायचं, तिसऱ्याने सोडा, आणि शेवटी प्लास्टिकच्या पिशवीचं तोंड गरम इस्त्रीने चिकटवायचं. बनगावात या पुड्या पिंपातल्या पाण्यात विरघळवल्या जात.

आता हे पाणी पाजायचं कुणी? उत्तर रोग्याच्या उशाशीच बसलेलं होतं. आई, भाऊ, नवरा, वाटेत भेटलेला गाववाला. घरदार गमावून आलेली, स्वतःच निर्वासित असलेली ही माणसं पिंपावरून पेला भरून आणत आणि रोगी मागेल तितकं पाजत. तहान हेच मोजमाप होतं. शरीरातली तूट भरून निघाली की खारट पाणी नकोसं होतं, त्यामुळे किती पाजायचं हे सांगायला डॉक्टर लागत नव्हता. डॉक्टर अत्यवस्थ रोग्यांकडे वळू शकत होते.

आठ आठवड्यांत तीन हजारांहून अधिक रोग्यांवर उपचार झाले. कॉलऱ्याचे जिथे जवळपास ३० टक्के रोगी दगावत होते, तिथे हे प्रमाण ४ टक्क्यांच्याही खाली आलं. १९७८ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकाने आतड्यातल्या सोडियम-ग्लुकोज जोडीच्या शोधाला शतकातली कदाचित सर्वांत महत्त्वाची वैद्यकीय प्रगती म्हटलं. महालनबीसांना पद्मविभूषण मिळालं ते २०२३ मध्ये, मरणोत्तर.

युद्ध संपलं, पूर्व पाकिस्तानचा बांगलादेश झाला आणि माणसं परतली. त्या परतलेल्यांना उभं करण्यासाठी १९७२ मध्ये फझले हसन आबेद यांनी बांगलादेशात ‘ब्रॅक’ ही संस्था काढली. १९८० पासून दशकभर तिच्या कार्यकर्त्या दारोदार फिरल्या. तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ आणि अर्धा शेर पाणी : एवढ्यातून असंच पाणी बनवायला त्यांनी सव्वा कोटीच्या आसपास घरांतल्या आयांना शिकवलं. नुसतं सांगून त्या थांबल्या नाहीत, तर समोर करून घेतलं. वजनकाटा नव्हता, म्हणून बोटांनाच माप बनवलं.

संकटात धावून येणाऱ्या सामान्य माणसाला आपण बहुधा सामान उचलायला नाहीतर रांग लावायला सांगतो. बनगावने त्याच्या हाती थेट औषध दिलं आणि त्याने ते नीट पाजलं. मदतीला माणसं कमी आहेत असं वाटतं, तेव्हा काम कुणाच्याही हातात मावेल इतकं सोपं झालंय का, हे आधी पाहावं. अशा वेळी कधीकधी माणसं कमी नसतातच. कामच अवघड ठेवलेलं असतं.