पावतीतली मोकळी जागा

गणपतीच्या वर्गणीची पावती आठवा. 'श्री. ........ यांजकडून रुपये ........, अक्षरी ........ मिळाले.' मजकूर आधीच छापलेला, टिंबांची जागा मोकळी. मंडळाचा कार्यकर्ता दारात उभ्याउभ्या त्या जागा भरतो. रक्कम तर दोनदा भरतो, एकदा आकड्यात आणि एकदा अक्षरात. पैसे तेच, रूपं दोन.

'आपल्या खात्यात अमुक रुपये जमा' असा संदेश मोबाईलवर येतो, तेव्हा कुठल्यातरी संगणकाने अशीच एक पावती भरलेली असते. फक्त त्याची अडचण कार्यकर्त्यापेक्षा मोठी असते. भरायचा आकडा त्याच्या मेमरीत आकडा म्हणून लिहिलेलाच नसतो!

365 घ्या. संगणकाकडे हे 101101101 असं असतं, म्हणजे 256, 64, 32, 8, 4 आणि 1 यांची बेरीज. यात तीन, सहा, पाच कुठेच नाहीत. ते काढण्यासाठी संगणक 365 ला दहाने भागतो. बाकी 5, भागाकार 36. पुन्हा भागतो, बाकी 6. पुन्हा, बाकी 3. अंक मिळाले, पण उलटे: आधी एकक, मग दशक, मग शतक. म्हणून हे काम करणारे बरेच प्रोग्राम एका छोट्या पट्टीच्या उजव्या टोकापासून डावीकडे अंक मांडत जातात. आपण वहीत हातचा घेत बेरीज करतो, त्याच दिशेने.

अंक मिळाला तरी त्याचं अक्षर व्हायचं असतं. आस्की या संकेतात शून्याच्या अक्षराचा क्रमांक 48 आहे आणि पुढचे अंक ओळीने येतात. म्हणून प्रत्येक बाकीत 48 मिळवायचे. 3, 6, 5 यांचे 51, 54, 53 होतात. आता कुठे 365 पडद्यावर उमटण्याजोगं झालं. पडद्यावर दिसणाऱ्या अनेक आकड्यांमागे असा भागाकार झालेला असतो.

सी या भाषेत हे काम एका फंक्शनवर सोपवता येतं. अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये डेनिस रिची यांनी 1970च्या दशकाच्या सुरुवातीला सी घडवली. तिच्यातलं प्रिंटएफ मजकूर पडद्यावर पाठवतं. त्याचं भावंड स्प्रिंटएफ तोच मजकूर मेमरीतल्या एका कोऱ्या पट्टीत लिहून ठेवतं. ही पट्टी म्हणजे बफर. छापील पावतीतल्या टिंबांच्या जागी इथे टक्क्याचं चिन्ह येतं. त्याच्यापुढे 'डी' असेल तर पूर्णांक भरायचा, 'एस' असेल तर नाव किंवा दुसरा मजकूर, 'एक्स' असेल तर तीच संख्या सोळाच्या पायात. मधे 'शून्य दोन' लिहिलं की आठ वाजून पाच मिनिटं '8:5' अशी बोडकी न येता '08:05' अशी नीटनेटकी येतात. मजकूर संपल्याची खूण म्हणून शेवटी शून्य किमतीचा एक बाईट ठेवला जातो. तो दिसत नाही, पण जागा खातो.

खरी गोम या जागेतच आहे. पावतीवर नावासाठी दोन इंच सोडलेत आणि वर्गणीदाराचं नाव चार इंचांचं निघालं, तर कार्यकर्ता अक्षर बारीक करतो. स्प्रिंटएफला हे जमत नाही. पट्टी किती लांब आहे हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं, सांगायची सोयही नाही. ते लिहीतच जातं. पट्टी संपली की शेजारच्या मेमरीवर लिहितं. शेजारी कदाचित दुसरी एखादी रक्कम असेल. कदाचित हे काम संपल्यावर प्रोग्रामने कुठे परतायचं, तो पत्ताच असेल.

जागेचा अंदाज बांधणंही सोपं नाही. दशांश संख्या ठेवायला संगणकाला सहसा आठ बाईट लागतात. पण त्या आठ बाईटांत मावणारी सर्वांत मोठी संख्या साध्या दशांश रूपात लिहायला गेलात, तर 309 अंक, एक बिंदू आणि त्यापुढे सहा अंक, अशी 316 अक्षरं होतात. मुठीतला रुमाल उलगडावा आणि त्याचा शामियाना व्हावा!

पट्टीबाहेर लिहिलं गेलं तर काय होतं, हे 2 नोव्हेंबर 1988 रोजी जगाने पाहिलं. रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्याने सोडलेला 'वर्म', म्हणजे एका संगणकावरून दुसऱ्यावर आपोआप जाणारा प्रोग्राम, इंटरनेटवर पसरला. त्याच्या अनेक वाटांपैकी एक 'गेट्स' या फंक्शनमधून जात होती. आलेला मजकूर बफरात घेणारं हे फंक्शनही जागा न मोजणारंच. बफर 512 बाईटांचा होता, वर्मने 536 पाठवले. वरच्या बाईटांनी परतीचा पत्ताच बदलला. पुढे 2011च्या प्रमाणकात सी भाषेने गेट्सला कायमचा निरोप दिला.

स्प्रिंटएफला मात्र एक शहाणं भावंड मिळालं. 1999च्या प्रमाणकात एसएनप्रिंटएफ आलं. त्याला जागेचं माप आधीच द्यायचं. त्यापलीकडे ते एक बाईटही लिहीत नाही, आणि शेवटच्या शून्याची जागाही त्याच मापात धरतं. पण त्याची खरी गंमत पुढे आहे. मजकूर मावला नाही तरी पूर्ण मजकुराला किती बाईट लागले असते, हे ते परत सांगतं. इतकंच काय, माप शून्य दिलं तर काहीच न लिहिता नुसती लांबी मोजून देतं. शिंपी कापड फाडण्याआधी टेप लावतो, अगदी तसं.

आपल्या देवनागरीसाठी हे माप जास्तच मोलाचं आहे. केन टॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी 1992मध्ये न्यू जर्सीतल्या एका उपाहारगृहात टेबलावरच्या कागदावर यूटीएफ-8 ची रचना मांडली. तिच्यात इंग्रजी अक्षराला एक बाईट लागतो, देवनागरीतल्या प्रत्येक चिन्हाला तीन. मात्रा आणि वेलांट्याही वेगळ्या मोजल्या जातात. 'पुणे' म्हणजे प, उकार, ण, मात्रा: चार चिन्हं, बारा बाईट. आता दहा बाईटांची पट्टी द्या. एक बाईट शून्याचा, उरले नऊ, आणि पट्टीत उतरतं नुसतं 'पुण'. बारांची पट्टी दिलीत तर मात्रेचे तीनपैकी दोनच बाईट मावतात आणि पडद्यावर 'पुण'च्या पुढे प्रश्नचिन्हाचा चौकोन उमटू शकतो. पुरं पुणे हवं असेल तर तेरा बाईट लागतात.

तेव्हा सी शिकत असाल तर एवढं करून पाहा. एसएनप्रिंटएफला माप शून्य द्या, मजकुरात स्वतःचं नाव देवनागरीत भरा आणि ते काय उत्तर देतं ते बघा. आलेल्या आकड्यात शून्यासाठी एक मिळवा. तेवढी जागा घ्या, आणि मगच लिहायला बसा.